पॅरालिसिसच्या कॅम्पात आमचे ७३,८०० गेले, तुमचे वाचवा

आकडे आधी सांगतो, म्हणजे किरकोळ काहीतरी गेलं असेल असं कुणाला वाटायला नको. तपासणी ३००. ‘फॉरेन इंजेक्शन’चे तीन डोस, प्रत्येकी १४,५००. नसा जागवायचं मशीन २६,८००. हाताचा पट्टा ३,२००. एकूण ७३,८००. त्यातले ४०,००० रोख, रताळ्याच्या पट्टीचे, आणि ३३,८०० फोनपेवर. तिसरा डोस मिळालाच नाही. त्या तारखेला कॅम्पच्या हॉलवर कुणाच्या तरी साखरपुड्याचा मांडव होता.

आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं ते भात लावणीच्या दिवसांत. बेळगावात दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पायही हळूहळू जमिनीला लागला. हात मात्र पुढच्या महिन्यांत आखडतच गेला. कोपर छातीशी, मूठ गच्च, नखं तळव्यात रुतून जखमा. अंगी घालताना आईला घाम फुटायचा. न्यूरोच्या डॉक्टरांनी याला स्पॅस्टिसिटी म्हणतात असं सांगितलं, स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू केल्या, फिजिओकडे पाठवलं. बोटुलिनमच्या इंजेक्शनाबद्दलही तेच पहिल्यांदा बोलले. खर्च ऐकून आम्ही ‘बघू’ म्हणून उठलो.

आम्ही अडाणी म्हणून फसलो असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की कॅम्पवाल्यांनी जडीबुटी विकली नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बोटुलिनमचंच नाव घेतलं आणि निम्म्या किमतीत देतो म्हणाले. बाकीचं नेहमीचंच. पहिला फोन ओळखीच्याच माणसाचा, आज नाव नोंदवलं तर सूट, बरे झालेल्यांचे व्हिडिओ, पांढरे कोट, ‘मुंबईची टीम’. जागा वेंगुर्ला रोडला, बाची ओलांडून महाराष्ट्राची हद्द लागते तिथून पुढे. ही जागा अशीच कुठली तरी निवडलेली नव्हती, ते पुढे कळेल.

आता कॅम्पातलं ते टेबल. पांढऱ्या कोटातल्या माणसानं खांद्याच्या बॅगेची चेन उघडली, बाटली काढली, आतलं पाण्यासारखं औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि आप्पांच्या काखेजवळ टोचलं. दहा-पंधरा मिनिटांत मूठ सैल पडली. त्यानं एकेक बोट सरळ करून दाखवलं. आई रडायलाच लागली, ‘बोटं उघडूल्यात बघ रे!’ आणि मी खिशातून फोन काढून स्कॅन केलं.

जी गोष्ट बघून पैसे दिले तीच फसवणुकीची खूण होती, याचाच संताप जात नाही. बोटुलिनम मिनिटांत काम करत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते हळूहळू अडवतं. फरक दिसायला काही दिवस जातात, पुरता जोर यायला महिनाभर लागतो आणि तीन-चार महिन्यांत तो उतरतो. टोचायचं ते आखडलेल्या स्नायूंमध्येच, कुठल्या स्नायूत किती युनिट ते कागदावर लिहून. आमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नसेजवळ भूल दिली असणार. काही तास हात सैल पडतो, मग पहिल्यासारखा.’ तसंच झालं होतं. संध्याकाळी धार काढून घरात आलो तर मूठ पुन्हा गच्च. फोन केला तर म्हणे, ‘ही रिॲक्शन असते दादा, दुसऱ्या डोसला टिकतंय.’

आणि ती बाटली. खरं औषध कुपीच्या तळाशी सुकं असतं, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, टोचण्याआधी त्यात सलाईन मिसळतात. आमच्या म्हशींना लाळ्या-खुरकूतची लस टोचायला येतात तेसुद्धा बर्फाच्या डब्यातून आणतात. मी त्याला बर्फाचं विचारलं होतं, हे इथे मुद्दाम लिहितो. ‘नवीन टेक्नॉलॉजी आहे दादा’ म्हणाला. समोर आई रडतेय, बाप बोटाकडे बघतोय, तिथे उलटतपासणी कोण घेणार? माझ्या आधी रिटायर्ड मास्तरांनी पैसे दिले होते, बँकेतल्या एकानं दिले होते. मग मी एकटा कसा काय येडा?

पैशापेक्षा वाईट केलं ते वेगळंच. गोळ्यांनी नसा सुस्तावतात, बंद करा म्हणाला तो कॅम्पवाला. बॅक्लोफेन एकदम तोडायचं नसतं. हात होता त्याहून कडक झाला, आप्पा रात्री थरथरायला लागले, असंबद्ध बोलायला लागले. बेळगावला धावलो. अशात फिट येऊ शकते असं डॉक्टरांनी सुनावलं, मला, जसा काही तो कोट मीच घातला होता. कुणीही सांगो, गोळी कमी करायची तर ज्यानं लिहून दिली त्यालाच विचारून, टप्प्याटप्प्यानं.

मशीन फिजिओच्या बाईंना दाखवलं. करंटचं साधं टेन्स मशीन, ऑनलाइन दोन हजारांच्या आत मिळणारं. पट्टा बोटांच्या अलीकडेच संपतो, म्हणजे मुठीला काही उपयोग नाही.

आता तक्रारीचं. इकडच्या ठाण्यात गेलो. ‘कॅम्प कुठं? महाराष्ट्रात? मग तिकडं जावा.’ तिकडे गेलो. ‘आधार कर्नाटकचं, गाडी केए पासिंग. आमच्याकडं कशाला आलाय?’ परत इकडे. मराठीतला अर्ज बघितला आणि ‘कन्नडदाग बरकोंड बर्री’, कन्नडमध्ये लिहून आणा, म्हणून परत दिला. शंभर रुपये देऊन कन्नडमध्ये लिहून घेतला, तर साहेब बंदोबस्ताला. वकिलीला असलेल्या भाच्यानं सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं नोंदवायचा. ते बोललो तर ‘वकील काय वो तुमी?’ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला तर पैसे तुम्हीच स्वखुशीनं पाठवलेत म्हणाले. आरोग्य खात्याच्या ऑफिसात म्हणाले, खाजगी दवाखान्यांचा कायदा आमच्या राज्यातल्या दवाखान्यांना, कॅम्पाला नाही. सीमाप्रश्नावर भाषण करायला दोन्हीकडचे पुढारी हजर असतात. हद्दीवर लुटलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडे परक्याचीच वागणूक. त्या चोरांनी हद्द ओलांडून कॅम्प का घातला, ते तेव्हा समजलं.

ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही. अडचण एवढीच, समोरच्याचा पत्ता लागतो, आणि आमच्या पावतीवर मोबाइल नंबर सोडून काही नाही. म्हणून पैसे देण्याआधी पावतीवर पत्ता आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तो क्रमांक राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तिथेच उभं राहून बघा. औषधाचं खोकं मागा, बॅच नंबर, एक्स्पायरी, छापील किंमत. कुपी समोर फोडायला सांगा. ‘कायमचा इलाज’ हा शब्द आला की उठा. ‘पॅरालिसिस मुळापासून बरा’ असं पत्रक छापणंसुद्धा १९५४ च्या जाहिरात कायद्यात बसत नाही. ते पत्रक जपून ठेवा, माझं मी चुलीत घातलं.

इंजेक्शन खरं असलं तरी ते आखडलेपण सोडवतं, ताकद आणत नाही. ताण देणं, स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार), व्यायाम रोजचे रोज करावेच लागतात. फिजिओच्या बाईंनी आईला तळवा उघडायचं तंत्र शिकवलंय: आधी मनगट आत दुमडायचं, मग अंगठा बाहेर, मग बोटं, सावकाश. याचे पैसे घेतले नाहीत.

त्या हॉलवर ज्यांनी ज्यांनी पैसे दिले त्यांनी फोनपेचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, रिकाम्या बाटल्या टाकू नका. मास्तर आणि मी मिळून अर्ज तयार केलाय, दोन प्रतींत, एक मराठी आणि एक कन्नड. सह्या जितक्या जास्त तितकं बरं.