सात महिने ऑनलाइन संग्रहालयं धुंडाळल्यावर

वनस्पतींच्या जुन्या चित्रांची, कुणालाही फुकट वाटता येईल अशी पुस्तिका करायला घेतली त्याला सात महिने झाले. चित्रं सगळी ऑनलाइन संग्रहांतून शोधली. सुरुवातीला मी फक्त चित्र किती स्पष्ट आहे एवढंच बघायचे. आता आधी चित्राखालची हक्कांची ओळ वाचते.

ही सवय लागली एका संग्रहालयामुळे. त्यांच्याकडे अठराव्या शतकातलं एक अप्रतिम चित्र होतं. चित्रकाराला जाऊन दोनशे वर्षं उलटलेली, तरी खाली 'सर्व हक्क राखीव'. डाउनलोड होणारी प्रत अंगठ्याएवढी, मोठी हवी तर अर्ज आणि शुल्क. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तेही आणखी एक फॉर्म भरा म्हणून. हक्क सांगितला जात होता तो चित्रावर नव्हे, चित्राच्या फोटोवर! युरोपीय संघाने 2019च्या कॉपीराइट निर्देशाच्या कलम 14मध्ये नेमकी हीच वाट बंद केली: मूळ दृश्यकलाकृतीच्या कॉपीराइटची मुदत संपली असेल, तर तिच्या हुबेहूब प्रतीवर नवा हक्क लागत नाही. असा नियम सगळीकडे हवा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017मध्ये पब्लिक डोमेनमधल्या, म्हणजे कॉपीराइट नसलेल्या, कलाकृतींच्या प्रतिमा सीसी झीरोखाली, म्हणजे कुठलाही हक्क न राखता, मोकळ्या केल्या, स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-समूहाने 2020मध्ये सुमारे 28 लाख प्रतिमा. घ्या, कापा, छापा, विकासुद्धा. माझी निम्म्याहून जास्त पुस्तिका अशाच संग्रहांवर उभी आहे.

युरोपियाना या युरोपच्या सामायिक संकेतस्थळावर हजारो संस्थांचे संग्रह एकाच ठिकाणी शोधता येतात आणि परवान्यानुसार गाळताही येतात. वस्तूंची माहिती मात्र बहुधा ज्या त्या देशाच्या भाषेत असते, म्हणून वनस्पतीचं लॅटिन नाव टाकावं. तेही जुनं आणि नवं, दोन्ही. टोमॅटोसाठी 'सोलॅनम लायकोपर्सिकम'बरोबर 'लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम' टाकल्यावर कितीतरी जास्त चित्रं मिळाली.

अडतं ते विसाव्या शतकापाशी. युरोपात हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो, आणि पुष्कळ चित्रांचे वारस कोण हेच कुणाला माहीत नसतं. अशा बेवारस कृतींसाठी युरोपीय संघाचा 2012चा निर्देश आहे, पण सुटी छायाचित्रं आणि चित्रं त्याने बाहेर ठेवली. पुस्तकात किंवा मासिकात छापलेली असतील तरच आत. मला हवी होती ती नेमकी सुटी. म्हणून पुस्तिकेतलं शेवटचं चित्र एकोणिसाव्या शतकातलंच आहे.