अठराचं, विसाचं की थेट गियरची?

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या माझ्या पुतण्याने परवा विचारलं, "काका, ही काळी सायकल विकून गियरची घेऊ काय?" तीन वाटांपैकी एक निवडायची आहे: आहे तीच सायकल नीट चालवायला शिकायचं, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, बदलायचं, नाहीतर गियरची घ्यायची. मी तिन्ही करून पाहिलंय.

आपल्या उंच काळ्या सायकलला पुढे पायडलच्या चक्राला बहुधा 44 दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. 28 इंची चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल 5.4 मीटर पुढे जाते. सपाटीला हे झकास आहे, मिनिटाला 60 फेऱ्यांना ताशी 19 किलोमीटर पडतात. पण राजहंसगडाच्या चढावर वेग ताशी 8 वर आला की पाय मिनिटाला 25 फेरेच मारतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. गियरच्या सायकलला सगळ्यात हलक्या गियरवर एका फेऱ्यात जेमतेम 2 मीटर अंतर पडतं. त्याच चढाला, त्याच वेगाला 65 च्या वर फेरे होतात. दम लागतो, पण गुडघे शाबूत राहतात.

आता मधली वाट. 18 चं काढून 20 दात्यांचं फ्रीव्हील घातलं की पायावरचा जोर दहा टक्क्यांनी कमी होतो, 22 चं घातलं तर अठरा टक्क्यांच्या आसपास. बदल्यात सपाटीवरचा वेग जातो: तेवढ्याच 60 फेऱ्यांना विसाचं 17 किलोमीटर देतं, बाविसाचं 16 च्या आतच. खर्च काही शे रुपयांचा. आमच्या गल्लीतला मिस्त्री म्हणाला होता, "अठराचं काढून विसाचं घाल की, मग बघ." त्याचं म्हणणं मला पटलं. मागचं चाक फ्रेमच्या खाचेत थोडं पुढे सरकतं, म्हणून विसाला जुनी चेन बहुधा पुरते. बाविसाला चेनची लांबी मोजून बघा, कडी जोडावी लागू शकते. चेन फार झिजलेली असेल तर फ्रीव्हीलबरोबर तीही बदला, नाहीतर नव्या दात्यांवर ती उड्या मारते.

पण फ्रीव्हीलच्या आधी सीट बघा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे, आणि गुडघेदुखीचं मोठं कारण तेच असतं. सीटवर बसून पायडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. चालवताना मात्र टाच नको, पावलाचा चवडा पायडलवर ठेवा. मग चढाची तालीम. कपिलेश्वर उड्डाणपुलासारखा आखूड चढ भल्या सकाळी, रहदारी नसताना, चार-पाच वेळा चढा. पायथ्याच्या आधीच वेग घ्या. वेग मरायला लागण्यापूर्वी सीटवरून उठा. एकदा सायकल जवळजवळ थांबली की उठून काही उपयोग नाही. हँडल आवळून धरू नका, सायकल पायाखाली किंचित डावी-उजवी झुकू द्या. गियर नसल्यामुळे चढ कुठे सुरू होतो ते डोळ्यांना आधी दिसायला लागतं, आणि हे शिक्षण गियरच्या सायकलवर इतक्या लवकर होत नाही असं माझं ठाम मत आहे. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, गुडघा दुखतोय तिथे तर उतराच.

पावसाळ्यात दोन गोष्टी आड येतात. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीकडे निघालात तर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तेव्हा सपाट रस्ताही चढासारखा लागतो. इथे विसाचं फ्रीव्हील खरी कमाई करतं. दुसरी म्हणजे ब्रेक. दांड्यांचे ब्रेक आणि लोखंडी रिम ओले झाले की पकड फार उशिरा येते. गडावरून उतरताना मी याला घाबरतो, तुम्हीही घाबरा. त्या बाबतीत गियरच्या सायकलीचे डिस्क ब्रेक निर्विवाद सरस.

उलट खानापूरकडचा चिखल गियरला मानवत नाही. मागचा गियर धरणारा पत्रा एकदा वाकला की गावातल्या दुकानात त्याचा सुटा भाग मिळेलच असं नाही. काळ्या सायकलीला पंक्चरवालाही पुरतो, तेलाचे चार थेंब आणि एक पाना.

पुतण्याचा रस्ता मोठ्या चढाचा नाही, म्हणून त्याला सांगितलं: सीट वर घे, विसाचं फ्रीव्हील टाक, ब्रेकचे रबर नवे घाल, दोन महिने चालव. तुम्ही निपाणीचे असाल आणि रोज तवंदी घाट चढायचा असेल, किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर मी वेगळं सांगेन: पैसे साठवा, गियरचीच घ्या, आणि घेताना सगळ्यात हलका गियर लावून दुकानाबाहेरच्या चढावर एकदा चालवून बघा.