बीप ऐकून निदान करणारे दारव्ह्यातील दुकान

डेस्कटॉप सुरू करताना पडद्यावर काहीच न उमटता आतून नुसते बीप येऊ लागले, तर दारव्ह्याच्या बसस्थानकाजवळील या छोट्याशा दुरुस्तीच्या दुकानात तो निर्धास्तपणे न्यावा. प्रिंटरच्या कामासाठी मात्र मी कोणालाही तेथे पाठवणार नाही.

मी जवळच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. पीक विम्याची अंतिम तारीख तोंडावर आलेली असताना केंद्रातील असेंबल केलेला जुना संगणक अडून बसला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण मॉनिटर काळाच राहिला आणि लांब बीप थांबून थांबून येत राहिले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानाने पेटी न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेल्याचे सांगितले आणि वर नवा संगणकच घ्या, असा सल्लाही दिला.

दारव्ह्यातील कारागिरानेही पेटी लगेच उघडली नाही, पण कारण वेगळे होते. “भाऊ, आवाज लांब हाये का आखूड? आन् मदात थांबते का?” असे विचारून त्याने संगणक चालू करायला लावला आणि कान देऊन ऐकले. संगणक सुरू होताच बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, आधी संगणकाच्या भागांची तपासणी करतो आणि पडदा चालू होण्यापूर्वीच दोष आढळला, तर तो सांगायला त्याच्याजवळ बीपखेरीज फारसे साधन नसते. हे बीप वाजवण्यासाठी प्रोसेसरला बायोसमधील सूचना चालवाव्या लागतात. त्यामुळे ज्या संगणकातून बीप येतात, त्याचा बोर्ड पूर्णपणे मेला आहे असे मानण्याचे कारण नसते. आमच्या बोर्डावर अवॉर्ड कंपनीचा बायोस होता आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा लांब बीप बहुधा रॅमकडे, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीकडे, बोट दाखवतो.

पुढची तपासणी त्याने माझ्यासमोर केली. वायर काढून, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरून त्याने उरलेला विद्युतभार घालवला आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. रॅमविना चालू केल्यावरही तसेच बीप आले, तेव्हा तो खूश झाला, कारण त्या अवस्थेत बोर्डाने तक्रार करणेच अपेक्षित असते. बोर्ड गप्प बसला असता, तर पॉवर सप्लाय, प्रोसेसर किंवा खुद्द बोर्डावर संशय घ्यावा लागला असता. मग सोनेरी संपर्कपट्ट्यांवरचा काळपटपणा त्याने शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने घासून काढला, चुरा ब्रशने झटकला आणि एक एक पट्टी दोन्ही खाचांमध्ये आळीपाळीने बसवून पाहिली. एक पट्टी दोन्हीकडे चालली, दुसरी दोन्हीकडे ओरडली. दोष खाचेचा नसून पट्टीचा आहे, हे आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हाळाभर साचलेली धूळ यांमुळे आमच्याकडे असे संपर्कदोष नित्याचे आहेत, तरीही खोडरबर हातात घेण्याऐवजी बोर्ड बदलायला सांगणारेच जास्त भेटतात.

त्याने आमच्या बोर्डाला चालणाऱ्या डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमची ४ जीबीची वापरलेली पट्टी बसवून दिली. डीडीआर४ या नंतरच्या प्रकारची पट्टी या बोर्डात बसतच नाही, कारण तिच्या पिना २४० नसून २८८ असतात आणि पट्टीच्या कडेवरची खाचही वेगळ्या जागी असते, हे त्याने विकायच्या आधीच सांगितले. मजुरी आणि पट्टी मिळून आलेला खर्च नव्या बोर्डाच्या किमतीच्या जवळपासही नव्हता.

त्याच वेळी एका शाळेचा डेल संगणक पाच बीप देत होता. डेलच्या पद्धतीत त्याचा रोख सहसा संगणकातील घड्याळाच्या बॅटरीकडे असतो, त्यामुळे सीआर२०३२ची नाण्याएवढी बॅटरी बदलून तो मोकळा झाला. म्हणूनच बीपचा एकच तक्ता पाठ करून सर्व संगणकांना लावणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. अवॉर्डमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप डिस्प्ले कार्डाचा दोष दाखवतात, तर एएमआय या दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये डिस्प्लेच्या मेमरीसाठी आठ आखूड बीप येतात.

उणिवाही आहेत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि वापरलेल्या पट्टीची हमी तोंडीच असते, तेव्हा कागदावर लिहून घ्यावे. आठवडी बाजाराच्या दिवशी मोबाइलवाल्यांच्या गर्दीत आपला नंबर कधी लागेल, याचा भरवसा नाही. माझ्या प्रिंटरचा रोलर तेथून आला तेव्हाही कागद ओढत नव्हता. कारागीर गावात येत नाही, त्यामुळे पेटी आपणच न्यावी लागते. मॉनिटर घरी ठेवला तरी चालतो, तो दुकानात असतोच. परतताना खड्ड्यांतून पेटी हादरून रॅम सैल होऊ शकते, म्हणून घरी पुन्हा बीप आले, तर वायर काढून पट्टी दोन्ही टोकांची क्लिप लागेपर्यंत दाबून पाहावी आणि मगच त्याला फोन करावा, असे तो स्वतःच बजावून सांगतो.