माउथपीसचं टोक सरळ करणारं ट्रूइंग टूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रम्पेटचा माउथपीस हातातून सुटला की मार बहुतेक वेळा शँकच्या (वाद्यात घुसणाऱ्या नळीच्या) टोकाला दिसतो, कारण पितळ तिथेच सगळ्यात पातळ. गोल भोक अंडाकृती होतं किंवा एका बाजूने आत दबतं. वाजवताना वरचे सूर डळमळतात, आवाज कोंदट येतो, आणि दोष वाद्याच्या माथी मारला जातो. एवढ्यासाठी नवा माउथपीस घ्यायची गरज नाही. निमुळती पोलादी सळई आणि मागे मूठ, असं ते टूल. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही.

आधी माउथपीस कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने आतून घासायचा. साचलेला थर तसाच राहिला तर सळई त्यावरच अडते आणि टोक गोल झाल्याचा भास होतो. सळईवर तेलाचा एक थेंब, मग नुसत्या हाताच्या दाबाने ती आत फिरवायची. किरकोळ चेपलेलं टोक एवढ्यावरच जागेवर येतं. नाहीच आलं तर मुठीवर नायलॉनच्या किंवा लाकडी हातोडीने हलका ठोका, सळई थोडी फिरवायची, पुन्हा ठोका. दर दोन-तीन ठोक्यांनी बाहेर काढून उजेडात बघायचं. बाहेरच्या अंगाला उंचवटा उरला असेल तर सळई आत ठेवूनच त्याच्यावर हळू ठोकायचं. माउथपीस हातातच धरायचा. शिकंज्यात आवळला की टोक वाचतं आणि रिम, म्हणजे ओठ टेकतात ती गोल कड, जाते.

घोटाळा होतो तो जास्त ठोकल्याने. सळई पाचरीसारखी काम करते, म्हणून गोल झाल्यावरही ठोकत राहिलं की टोक फुलतं. ट्रम्पेटच्या शँकचा उतार साधारण 1:20 असतो. म्हणजे टोकाचा व्यास फक्त 0.05 मिमीने वाढला तरी माउथपीस 1 मिमी कमी आत बसतो. शँकचं टोक आणि लीडपाइपची (माउथपीसनंतरच्या वाद्याच्या पहिल्या नळीची) सुरुवात यांतली फट बऱ्याच ट्रम्पेटमध्ये जेमतेम 3 मिमीच्या आसपास असते, तेव्हा हा 1 मिमी वाजवताना चांगलाच जाणवतो. त्याच मॉडेलचा धड माउथपीस मिळाला तर दोन्ही बसवून शँकवर पेन्सिलने खुणा करायच्या आणि ताडून बघायचं. शिवाय माउथपीस हलकेच बसवून कपाला (ओठाकडच्या वाटीसारख्या भागाला) धरून डोलवायचा. जराही खडखडला तर शँक सगळीकडून टेकत नाहीये.

दुरुस्ती टिकते का, हा खरा प्रश्न. टिकते. सरळ केलेलं टोक रोजच्या वापरात पुन्हा वाकत नाही. आतल्या कडेचा चांदीचा मुलामा थोडा घासला जातो, पण तिथे ओठ लागत नाहीत, तेव्हा सोडून द्या. त्याच जागी पुन्हा मार बसला तर मात्र जपून. पितळ ठोकून ठोकून कडक होतं आणि केसासारखी चीर जाते. चीर दिसली की टूल बाजूला ठेवायचं. सळईने ती रुंदच होते.

रिमच्या बाबतीत या टूलचा काडीचा उपयोग नाही. आतल्या कडेवरून नख फिरवलं आणि अडकलं, तर तो खड्डा ओठाला प्रत्येक सुरात टोचणार. पॉलिश पेपरने तो 'काढणारे' कडेची गोलाई सपाट करून बसतात. लेथवर रिम नव्याने कातून मुलामा देता येतो, पण व्यास आणि कपाची खोली दोन्ही किंचित बदलतात. माझ्या मते बंद पडलेल्या मॉडेलसाठीच हा खटाटोप करावा, नाहीतर सरळ नवा घ्यावा. रिम धड आहे, फक्त मुलामा उडून पितळ उघडं पडलंय, तर नुसता मुलामा पुरतो. मात्र तोवर तो तोंडाला लावू नये: ओठ चुरचुरतात, आणि बऱ्याच पितळात थोडं शिसंही असतं.

नवा घेताना नुसत्या नंबरावर जाऊ नका. बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा लहान तसा कप रुंद: 7सीचा व्यास 16.20 मिमी, 3सीचा 16.30. यामाहात उलट, आकडा मोठा तसा कप रुंद. 11बी4 हा 7सीच्या जवळचा मानतात. पण कंपन्या व्यास एकाच खोलीवर मोजत नाहीत, त्यामुळे दोन कॅटलॉगमधले मिलिमीटर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. कॉर्नेटचा शँक ट्रम्पेटपेक्षा बारीक असतो, आणि ट्रॉम्बोनमध्ये लहान-मोठे असे दोन शँक येतात. ट्रॉम्बोनचा 6½एएल हा नंबर दोन्हींत मिळतो, तेव्हा मागवताना शँक आवर्जून लिहा. पॉलिकार्बोनेटचा माउथपीस जोडीला ठेवायला छान, चेपत नाही, थंडीत ओठाला गारही लागत नाही. पण त्याच्या रिमवर ओरखडे लवकर पडतात.

चेपलेला माउथपीस वाद्यात अडकला तर पक्कड लावून पिळू नका. लीडपाइप पिळवटतो, डाख सुटतात. त्यासाठी पुलर, म्हणजे माउथपीस सरळ ओढून काढणारं साधन, मिळतो. त्याचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. एकच आवळत गेलं तर माउथपीस तिरका ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो.