ताकदीच्या पुड्या आणि कळण्याची भाकरी: खान्देशच्या बाजारातल्या कामेच्छावर्धक मालाची पारख

निकाल आधीच सांगतो. तासाभरात गुण देते असं सांगून विकलेली जडीबुटीची कॅप्सूल घेऊ नका. बाकीच्या मालात फसलात तर बहुधा पैसे जातील, इथे जिवावर बेतू शकतं.

अश्वगंधा, मुसळी, शिलाजीत यांतलं काहीही तासाभरात काम करत नाही. जो काय फरक पडायचा तो रोज घेऊन सहा-आठ आठवड्यांनी. एखाद्या 'शुद्ध आयुर्वेदिक' कॅप्सूलने तासाभरात ताठरता आली, वर तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, नाक चोंदलं, डोळ्यांपुढे निळसर झाक आली, तर तिच्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं द्रव्य) किंवा त्याच जातीचं औषध मिसळलं असल्याचा दाट संशय घ्यावा. ते औषध मुळात वाईट नाही. डॉक्टर तपासून, मात्रा ठरवून देतात तेव्हा चांगलं काम करतं. पण छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते नकळत गेलं, तर रक्तदाब धाडकन खाली येतो. डबीवर त्याचं नावच नसतं, त्यामुळे दवाखान्यात काय खाल्लं तेही सांगता येत नाही.

म्हणून डबी आधी उलटी करून वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि प्रत्येक घटक किती मिलीग्रॅम, हे छापलेलं पाहिजे. पूरक आहार म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा. 'गुप्त फॉर्म्युला' लिहिलं असेल तर डबी तिथेच ठेवून निघा. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या 'मर्दाना ताकद'वाल्या जाहिराती तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यातच बसत नाहीत. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला त्या कायद्याने बंदी आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो, त्याच्या पुडीत काय असेल याची खात्री कोण देणार?

आता काष्ठौषधीच्या दुकानातला सुटा माल. खान्देशात पहिला मान सफेद मुसळीचा, कारण ती आपल्या सातपुड्यातली. पावसाळ्याच्या तोंडाला उगवते, पानं वाळली की दिवाळीच्या सुमारास कंद खणतात, सोलून वाळवतात. ओल्या मुसळीचं वजन वाळल्यावर चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, म्हणून अस्सल माल स्वस्त मिळूच शकत नाही. आणि महाग म्हणूनच भेसळही हिच्यातच जास्त. सोललेली शतावरी मुसळी म्हणून सर्रास खपते.

पारख करायची तर पूड घेऊ नका, अख्खी मुळी मागा. अस्सल मुसळी बोटभर किंवा त्याहून आखूड, पिवळट पांढरी, अंगावर उभ्या सुरकुत्या. दोन्ही हातांत धरून वाकवली की कट्‌कन मोडते. मोडलेल्या जागी मधोमध चिवट दोरा दिसला तर ती शतावरी समजा. मग एक तुकडा दाढेखाली धरून सावकाश चावा. मुसळीचा बुळबुळीत चिकट गोळा होतो आणि दातांना धरून बसतो. नुसता पिठूळ भुगा झाला तर माल परत करा. वासावर जाऊ नका, मुसळीला फारसा वास नसतोच. घरी आणल्यावर दोन तास उन्हात टाकून कोरडी दळा आणि काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात हिला ओल पटकन लागते, बुरशी धरते. बुरशी धरलेली पूड चाळून वापरायची नाही, टाकायची. मात्रा ३ ते ६ ग्रॅम, म्हणजे एक ते दोन सपाट चहाचे चमचे, कोमट दुधातून. दुधात टाकल्याबरोबर ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. पचन मंद असेल तर पोट जड होतं, अशांनी एकाच चमच्यावर थांबावं.

गुणाचं म्हणाल तर मुसळीवर उंदरांवरचे प्रयोग बरेच झाले, माणसांवरचे फार तोकडे आहेत. पोषक आहे, पण चमत्काराची अपेक्षा धरू नये. जंगलातली मुसळी बी पडायच्या आत ओरबाडली जाते, हेही मनाला लागतं. लागवडीची मिळत असेल तर तीच घ्यावी.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर अश्वगंधेवर घाला. सगळ्या जडीबुटीत माणसांवरचा पुरावा तिचा त्यातल्या त्यात बरा आहे, मुख्यतः ताण आणि झोप यांबाबत. बऱ्याच जणांची इच्छा तिथेच मेलेली असते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडचा माल चांगला मानतात. अख्ख्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येतो, नावही त्यावरूनच पडलं. पूड घेतली तर ३ ग्रॅमपासून सुरुवात, रात्री दुधातून. अर्क घेतला तर ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, आणि डबीवर 'रूट' म्हणजे मुळाचा, तसंच तिच्यातली मुख्य द्रव्यं, म्हणजे विथॅनोलाइड्‌स किती टक्के, हे दोन्ही पाहा. पानं मिसळलेला माल स्वस्त पडतो, तो टाळा. आठ आठवडे घेऊन काहीच फरक नाही वाटला तर बंद करा, मात्रा वाढवत बसू नका. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, गर्भारपणात तर मुळीच नको. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी थोड्या आहेत, पण आहेत: अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा.

कौंच म्हणजे आपली खाजकुयली. खाज शेंगेवरच्या लवीची, बीमध्ये ती नसते. बीमध्ये असतं एल-डोपा, म्हणजे कंपवातावर देतात तेच द्रव्य. म्हणून हिला खेळणं समजू नये. बी रात्रभर भिजवून, फडक्यात सैल पुरचुंडी बांधून, गाईच्या दुधात बुडेल अशी टांगून मंद आचेवर तीनेक तास शिजवतात. मग साल काढून, धुऊन, वाळवून दळतात. ते दूध प्यायचं नाही, टाकायचं. दुकानात मिळणारं 'कौंच चूर्ण' बऱ्याचदा असं शोधन, म्हणजे शुद्धी, न करताच दळलेलं असतं. खाल्ल्यावर मळमळ, उलटी, डोकं हलकं होणं हे त्यानेही होतं आणि मात्रा जास्त झाली तरी होतं. कंपवाताच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. कौंचपाक, मुसळीपाक या वड्यांत निम्म्याहून जास्त साखरच असते. मधुमेह्याने तो खाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं, कारण त्याच्या ताठरतेचं मूळ दुखणं ती साखरच आहे.

शिलाजीतवर ४५ ते ५५ वयाच्या पुरुषांवर एक बरा प्रयोग आहे: शुद्ध केलेलं २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ९० दिवस, आणि टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं. २५० मि.ग्रॅ. म्हणजे साधारण हरभऱ्याएवढी गोळी. हातात मऊ होतं, पाण्यात पूर्ण विरघळतं, ही पारख डांबर ओळखायला पुरते. शिसं आणि आर्सेनिक मात्र तिने कळत नाही. त्यासाठी डबीवरच्या बॅच क्रमांकाचाच प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडलेले काळे खडे कितीही अस्सल दिसले तरी घेऊ नका.

गोखरू, म्हणजे बांधावरचा सराटा, टेस्टोस्टेरॉन वाढवतो हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. जाहिरात मात्र त्याचीच मोठी.

झिंकच्या गोळीचा फायदा ज्याला कमतरता आहे त्यालाच. पुरुषाची रोजची गरज आयसीएमआरने २०२० मध्ये १७ मि.ग्रॅ. धरली, स्त्रीची १३.२. चाळीसच्या वर रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. उपाशीपोटी घेतल्यास मळमळतं.

त्यापेक्षा घरचं ताट पाहा. कळण्याची भाकरी म्हणजे चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ. प्रथिनं आणि झिंक दोन्ही, आणि आयुर्वेदातही उडीद वाजीकर, म्हणजे कामशक्ती वाढवणारा, मानला आहे. सोबत मूठभर शेंगदाणे घ्या. त्यांत आर्जिनिन भरपूर असतं, त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि शिरा सैल होऊन रक्त भरायला तेच लागतं. तिळाची चटणी दोन मोठे चमचे, किंवा गंगाफळाच्या भाजलेल्या बिया तीसेक ग्रॅम, यांतून दीड-दोन मि.ग्रॅ. झिंक मिळतं. धान्या-कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं, म्हणून मटकी भिजवून मोड आणूनच शिजवा. मांसाहार करत असाल तर आठवड्यातून दोनदा मटण किंवा अंडी. रावेर-यावलची केळी खावीत, पोटॅशियम मिळतं, रक्तदाबाला बरं असतं. केळ्याने मर्दानगी वाढते ही मात्र नुसती समजूत. आणि शेवभाजीवरची तर्री रोज ओरपायची सवय असेल तर आधी ती कमी करा, कारण चरबीने आवळलेल्या शिरांपुढे कुठलीही पुडी हात टेकते.

स्त्रियांसाठी बाजारात आहे ते शतावरी कल्प, आणि तोही बहुतांशी साखरच. हिमोग्लोबिन कमी असेल तर थकव्याने इच्छाच उरत नाही, तेव्हा आधी ते तपासून लोहाची गोळी सुरू करावी. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि दुखणं कुठल्याच चूर्णाने जात नाही. त्याला मेडिकलमधलं पाण्याच्या बेसचं वंगण आहे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ देतात ती इस्ट्रोजेनची क्रीम आहे. हे विचारायला संकोच करू नये.

रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला शेतात जाणाऱ्यांनी अजून एक ध्यानात घ्यावं. आठवडाभर रात्री पाचच तास झोपलेल्या तरण्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घटलेलं मोजलं गेलं आहे. जागरण टळत नसेल तर दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप भरून काढा. नैराश्याच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. तसं वाटलं तर गोळी मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच सांगा, बदलून मिळते.

आणि तक्रार तीन महिन्यांहून जुनी असेल तर पुडीचे पैसे तपासणीत घाला: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी दहाच्या आतच द्या, दुपारी ते नैसर्गिकपणेच कमी येतं. एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासा. चाळिशीनंतर ताठरता हळूहळू कमी होत गेली असेल तर डॉक्टरला हृदयाचंही विचारा, कारण तिथल्या शिरा हृदयाच्या शिरांपेक्षा बारीक असतात आणि काही वर्षं आधीच कुरकुरायला लागतात.