ऑक्सिजन सेन्सर : खळ्यात बदलावा की मेस्त्रीकडे न्यावा?

पेट्रोल गाडीचा पिवळा इंजिन-दिवा लागला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड आला. पुण्या-नाशकात याचं उत्तर सोपं: बावीसचा पाना घ्या, जुना काढा, नवा बसवा. मालवण, देवगड, गुहागरच्या गाडीचं तसं नसतं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस खाऊन सेन्सरचे आटे सायलेन्सरच्या पाइपात चिकटून बसलेले असतात. मजुरी किती वाचेल हा हिशेब इथे दुय्यम. सेन्सर सुटेल का, हे आधी बघायचं.

त्याच्याही आधी, तो खरंच गेलाय का? ही तपासणी मात्र घरीच करा, कारण ‘बदलून बघू’ म्हणणारे बरेच भेटतात. कोड पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर तक्रार सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटची आहे. पहिला फ्यूज, मग वायरिंग. गणपती आणि शिमग्यालाच बाहेर पडणाऱ्या, एरवी आंब्याखाली उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदरांनी हमखास कुरतडलेली असते. कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला तर क्लीनर मारून पुन्हा जोडून बघा. सेन्सर चार वायरींचा असेल तर त्यातल्या एकाच रंगाच्या दोन बहुधा हीटरच्या. इंजिन गार असताना सेन्सरच्या बाजूने मल्टीमीटर लावला की मोजके ओम दिसायला हवेत. सर्किटच तुटलेलं (ओपन) दिसलं तर हीटर गेला, सेन्सर बदला.

पी०१७१, म्हणजे ‘हवेच्या मानाने पेट्रोल कमी’ हा कोड आला तर सेन्सर बिचारा बहुधा खरं बोलत असतो. इंजिनात जास्तीची हवा शिरतेय, एखादी व्हॅक्यूम नळी फाटली असेल. आपल्याकडे आणखी एक कारण असतं: सेन्सरच्या अलीकडे पाइप गंजून बारीक भोक पडलेलं. तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. गार इंजिन चालू केल्यावर फट्फट् आवाज येतो का, ऐका. भोक तसंच ठेवून नवा सेन्सर लावणं म्हणजे पैसे दर्यात टाकणं.

आता घर की गॅरेज. पुढचा सेन्सर, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा, पुष्कळ गाड्यांत बॉनेट उघडल्यावर समोरच मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांवर दिसतो. तो घरी जमतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन कोमट असताना काम करा. वायर जाण्यासाठी चीर असलेलं सॉकेट विकत घ्याच. साध्या पान्याने षटकोनाचे कोपरे गोल होतात. पान्याला नेटाने जोर देऊनही सेन्सर हलत नसेल तर तिथेच थांबा. आटे गेले की काम तुमच्या हातातून गेलं. नवा बसवताना आधी हाताने फिरवा, मग बेताने आवळा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा सहसा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. नव्या सेन्सरला बहुतेक वेळा ते लावलेलंच येतं.

मागचा सेन्सर गाडीखाली असतो आणि रस्त्याचं पाणी थेट त्याच्यावर उडतं. तो मेस्त्रीकडेच न्या, हे माझं स्पष्ट मत. त्याच्याकडे रॅम्प किंवा पिट असतो, गॅसने बॉस (पाइपावरचा सेन्सर बसतो तो आट्यांचा भाग) तापवून सेन्सर सोडवता येतो, आटे बिघडलेच तर १८ बाय १.५ चा टॅप मारून ते पुन्हा पाडता येतात. खळ्यातल्या भिजक्या मातीत जॅक रुततो, आणि गाडीखाली चिरा लावून आत शिरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जांभा दगड वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. मेस्त्रीला एकच बजावा: वायर कापून सोल्डर करायची नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. म्हणून वायर कापून जोडाव्या लागणाऱ्या युनिव्हर्सल सेन्सरच्या नादी न लागता तुमच्या गाडीच्या कनेक्टरचा सेन्सर घ्या. बॉश, डेन्सो, एनटीके, मूळ जो असेल त्याच बनावटीचा.

सर्व्हिस सेंटरला रत्नागिरी-कुडाळपर्यंत जायचं ते वॉरंटी चालू असेल तरच. मग मात्र घरी पाना लावूच नका.

काम कुठेही करा, कोड पुसून इंजिन तापल्यावर स्कॅनरवर आकडे बघा. साध्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचायला हवा, मागचा बराचसा स्थिर. नवा बसवूनही पुढचा ०.१ ला चिकटून राहिला तर त्या भोकाकडे पुन्हा एकदा बघा.