श्रूझबरी की लडलो? श्रॉपशरमध्ये एक-दोन दिवस असतील तर

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला आलेल्या आई-बाबांचं लंडन बघून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जुनं इंग्लंड कुठे बघायला मिळेल? बहुतेक जण कॉट्सवोल्ड्सला जातात. मी माझ्या पाहुण्यांना वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर परगण्यात नेते. तिथली श्रूझबरी आणि लडलो ही दोन्ही बाजारपेठेची जुनी गावं, रेल्वेने एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या तासावर. दोन्ही बघता आली तर उत्तमच. पण ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की दगदग नको वाटते आणि एकाचीच निवड करावी लागते. माझं मत आधीच सांगून टाकते. दिवस एकच असेल तर लडलो, मुक्काम करणार असाल तर श्रूझबरी.

लडलोची गोडी त्याच्या आटोपशीरपणात आहे. नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस टीम नदीच्या वरच्या टेकाडावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या दारातच पेठ वसवली. गडाखालची पेठ म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ती पेठ आजही त्याच जागी भरते. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी किल्ल्याच्या दरवाज्यासमोरच्या चौकात तंबू लागतात. म्हणून मंगळवारी किंवा गुरुवारी लडलोला जाऊ नका. गाव तेच असतं, पण चौक ओकाबोका वाटतो.

किल्ल्याचं छप्पर गेलंय, भिंती मात्र चांगल्या उंच उभ्या आहेत. आत गेलात की आवारातल्या गोल प्रार्थनागृहाशी थोडं थांबा; त्याच्या कमानीवरचं नॉर्मन कोरीवकाम फार देखणं आहे. याच किल्ल्यात 2 एप्रिल 1502 रोजी युवराज आर्थर वारला, वय अवघं पंधरा. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. त्याच्या मागे गादीवर धाकटा भाऊ आला, तो आठवा हेन्री. त्याने आर्थरच्या विधवेशी, कॅथरीनशी, लग्न केलं आणि पुढे ते लग्न मोडण्यासाठी रोमच्या पोपशी संबंध तोडले. एका आजारी मुलाच्या मृत्यूने देशाचा धर्म बदलला, तो मृत्यू इथला. हे ठाऊक असलं की त्या पडक्या खोल्या वेगळ्याच दिसतात.

किल्ल्यापासून पाच मिनिटांवर सेंट लॉरेन्सचं चर्च आहे. त्याचा मनोरा सुमारे 41 मीटर उंच, लांबूनच गावाची खूण दाखवणारा. पण तुम्ही मान वर करण्याआधी खाली वाका. गायकांच्या बाकांवरच्या उचलत्या फळ्यांखाली मध्ययुगीन सुतारांनी चित्रं कोरली आहेत. त्यांतल्या एकात मापात पाप करणाऱ्या दारूवालीला सैतान नरकात नेतोय. देवळात बसून बाजारातल्या लबाडीची आठवण करून देणारा तो सुतार मला फार आवडतो. बाजाराचं गाव म्हणजे काय, हे त्या फळीवर कळतं.

खाण्याच्या बाबतीत लडलो उजवं. 1995 पासून सप्टेंबरमध्ये किल्ल्याच्या आवारात खाद्यमहोत्सव भरतो. एरवीही पाव, चीज, फळांचे मुरांबे यांची चंगळ असते, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. महोत्सवाच्या दिवसांत गर्दी मात्र प्रचंड, खोल्या महिनोन्‌महिने आधी घ्याव्या लागतात. दुसरी अडचण चढाची. ब्रॉड स्ट्रीट हा उतरता रस्ता म्हणजे गावाचा दागिना, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची आणि विटांची जुनी घरं. पण उतरलात की चढावंच लागतं. गुडघे दुखत असतील तर वरच्या टोकाला उभं राहून बघा, त्यातही पुष्कळ दिसतं.

श्रूझबरी पसरट आहे. लोकसंख्या पाऊण लाखाच्या वर. सेव्हर्न नदीने गावाला असा वळसा घातलाय की ते जवळजवळ बेटच झालंय. गल्ल्यांना इथे ‘शट’ म्हणतात, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा. नकाशा खिशात ठेवून तासभर त्यांत हरवून जावं. 1596 चा दगडी बाजार मुख्य चौकात अजून आहे, आता त्यात चित्रपटगृह चालतं. खरा बाजार 1965 च्या घड्याळमनोऱ्याच्या इमारतीत भरतो. बाहेरून रूक्ष, आतून फार जिवंत. तिथे रविवारी जाऊन उपयोग नाही. चार्ल्स डार्विन 1809 मध्ये याच गावात जन्मला. त्याची शाळा आता ग्रंथालय आहे आणि दारात त्याचा बसलेला पुतळा. घरात कुणी स्थापत्य अभियंता असेल तर 1797 ची जवसाच्या सुताची गिरणी (फ्लॅक्समिल) चुकवू नका. लोखंडी सांगाड्यावर उभारलेली ही जगातली पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींचा वंश तिच्यापासून सुरू होतो.

आणि बिस्किटं? पुण्याच्या कॅम्पात रांग लावून आणतो त्या श्रूजबेरी बिस्किटांचं नाव याच गावाचं. चव मात्र तीच असेल असं धरून जाऊ नका. पुण्याची बिस्किटं ही पुण्याचीच.

मराठी माणसाला श्रूझबरीत थांबवणारी गोष्ट वेगळी आहे. त्या जुन्या बाजारासमोर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे, 1860 मध्ये बसवलेला. क्लाइव्ह याच परगण्यातला. 1761 पासून मरेपर्यंत या गावाचा खासदार. आपण त्याला प्लासीमुळे ओळखतो. पण प्लासीच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 1756 मध्ये, हाच माणूस विजयदुर्गावर होता. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं इंग्रजी आरमार, जमिनीवर क्लाइव्हची तुकडी आणि पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली ती तेव्हा. त्यात पेशवेही सामील होते, हे विसरून चालणार नाही. 2020 मध्ये हजारो लोकांनी हा पुतळा हटवण्याची मागणी केली, पण परगण्याच्या कौन्सिलने तो ठेवायचा ठरवला. मी दर वेळी पाहुण्यांना त्याच्यासमोर नेऊन विजयदुर्गाची गोष्ट सांगते. सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

लडलोला गेल्याने क्लाइव्ह टळत नाही. तिथला किल्ला 1811 मध्ये त्याच्या मुलाने, एडवर्डने, विकत घेतला आणि आजही तो त्याच घराण्याच्या इस्टेटीकडे आहे. एडवर्ड 1799 मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा, मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाचा तंबू आणि सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात ठेवलंय. वेल्शपूल हे तिथलं स्टेशन, श्रूझबरीहून थेट गाडीने अर्ध्या तासाच्या आत. मुक्कामासाठी श्रूझबरी म्हणते त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण आयर्नब्रिज. 1779 मध्ये उभारलेला, लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल. 1986 पासून जागतिक वारसा. रेल्वे तिथे जात नाही, मोटार मात्र श्रूझबरीहून अर्ध्या तासात पोचते. रॉक्सेटरचं रोमन शहरही जवळच. श्रूझबरीला बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. लडलोसाठी गाडी बदलावी लागते.

लडलोच्या बाजूने स्टोकसे. किल्ला म्हणतात, पण ही खरी गढी. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकर-व्यापाऱ्याने तेराव्या शतकात बांधलेली. तटबंदीचा परवाना 1291 चा. आत सामान जवळजवळ नाही, फक्त लाकडी छताचा भव्य दिवाणखाना आणि उघड्या खिडक्यांतून येणारा उजेड. लडलोहून रेल्वेने क्रेव्हन आर्म्स हे पुढचंच स्टेशन, तिथून साधारण दीड किलोमीटर चालणं. हिवाळ्यात शनिवार-रविवारखेरीज जाऊ नका. श्रूझबरीलाही जानेवारी-फेब्रुवारीत निघण्याआधी सेव्हर्नच्या पुराची बातमी बघा, नदीकाठचे रस्ते पाण्याखाली जातात.

पाय धड असतील तर लडलोत संध्याकाळी डिनहॅम पूल ओलांडून व्हिटक्लिफच्या चढावर जा. समोर किल्ला, त्याच्यामागे चर्चचा मनोरा, खाली टीमचा बंधारा. तिथून स्टेशनपर्यंत अर्धा तास तरी हाताशी ठेवा.